स्विस ट्रॅव्हल पासचा शेवटचा दिवस: रिगीला जा, पण बॅगेचं आधी ठरवा

झ्युरिकहून रात्रीचं विमान असेल तर स्विस ट्रॅव्हल पासचा (स्वित्झर्लंडमधल्या गाड्या-बोटींवर चालणारा पर्यटकांचा पास) शेवटचा दिवस बहुतेक जण ल्युसर्नच्या लाकडी पुलावर आणि घड्याळांच्या दुकानांत घालवतात. त्यापेक्षा तो ल्युसर्नजवळच्या रिगी डोंगराला द्यावा. पिलाटुस आणि टिटलिस या डोंगरांना या पासवर ५० टक्के सवलत मिळते. रिगीला मात्र जाताना बोट, डोंगरावरची दातेरी रेल्वे, परतीची गाडी, सगळं पासातच येतं; वर एक फ्रँकही द्यावा लागत नाही. पासचे पैसे सगळ्यात चांगले वसूल होतात ते इथेच.

हा दिवस फसतो तो बॅगेमुळे. रिगीवर तळ्याकाठच्या विट्झनाऊ गावाकडून चढून पलीकडे आर्थ-गोल्डाऊला उतरता येतं, आणि तिथून झ्युरिकची थेट गाडी पाऊण तासात पोचवते. वेळापत्रकात हे फार सोयीचं दिसतं, पण बॅग तर ल्युसर्न स्टेशनच्या तळघरातल्या लॉकरमध्ये पडलेली असते! म्हणून आर्थ-गोल्डाऊहून अर्ध्या तासात ल्युसर्नलाच परत या, बॅग घ्या आणि तिथून विमानतळाची थेट गाडी पकडा. ती तासाला एक असते आणि साधारण सव्वा तासात विमानतळाखालच्या स्टेशनात उतरवते. थोडा वेळ जास्त जातो खरा, पण झ्युरिक मुख्य स्टेशनवर गाडी बदलायची कटकट वाचते. तिथे विमानतळाच्या बऱ्याच गाड्या ३१ ते ३४ आणि ४१ ते ४४ या जमिनीखालच्या फलाटांवरून सुटतात. सामान घेऊन वरून तिथे पोचायला दहा मिनिटं सहज लागतात.

लॉकर बंद करण्याआधी पासपोर्ट काढून खिशात ठेवा. पास नावावर असतो आणि तपासनीस क्यूआर कोडसोबत पासपोर्टही मागू शकतो.

बोटीचा धक्का स्टेशनच्या समोरच आहे. विट्झनाऊला तासभर लागतो. उन्हाळ्यात वाफेवरची चाकाची बोट कोणत्या फेरीला आहे ते बघून निघा. ल्युसर्नच्या तळ्यावर अशा पाच बोटी आहेत. त्यांतली 'उरी' १९०१ सालची. मधल्या मोकळ्या जागेतून खाली वाकून पाहिलं की इंजिन चालताना दिसतं: चकचकीत पोलादी दांडे वर-खाली होत असतात, तेलाचा वास आणि ऊब थेट चेहऱ्यावर येते. दुसऱ्या वर्गाचा पास असेल तर खालच्या डेकवरच बसावं लागतं, पण इंजिन तिथूनच पाहायचं असतं.

विट्झनाऊ ४३५ मीटरवर आणि शिखराजवळचं रिगी कुल्म स्टेशन १,७५२ मीटरवर. मधलं अंतर लाल गाडी अर्ध्या तासात चढते. ही रेल्वे १८७१ सालची, युरोपातली पहिली दातेरी डोंगर-रेल्वे. फलाटावरून रुळांकडे नीट पाहा: दोन रुळांच्या मधे लोखंडी शिडी आडवी टाकल्यासारखी दिसते. गाडीखालचं दातेरी चाक तिच्या पायऱ्यांत अडकत वर सरकतं, म्हणून एवढ्या चढावरही गाडी घसरत नाही. चढताना डावीकडे बसा, तळं त्या बाजूला दिसतं. अख्खी बोट याच गाडीकडे धावते, त्यामुळे धक्का येण्याआधीच दाराजवळ उभं राहिलेलं बरं.

सकाळी निघण्यापूर्वी शिखरावरचा वेबकॅम पाहायला विसरू नका. शरद ऋतूत आणि हिवाळ्यात खाली तळ्यावर दाट धुकं आणि वर लख्ख ऊन असं पुष्कळदा होतं. ल्युसर्नचं आभाळ पाहून बेत रद्द करू नका. उलट शिखरच ढगात असेल तर मात्र जाण्यात अर्थ नाही.

वर दीड तास धरा. उतरताना आर्थ-गोल्डाऊची निळी गाडी पाऊण तास घेते, आणि ल्युसर्नपासून ल्युसर्नपर्यंत सगळा फेरा पाच ते साडेपाच तासांचा होतो. नऊच्या सुमारास बोट पकडली तर संध्याकाळी आठनंतरच्या विमानासाठी हे आरामात जमतं. दुपारचं विमान असेल तर नादाला लागू नका. वेग्गिसकडून केबल कारनेही जाता येतं, पण धक्क्यापासून तिचं स्टेशन चढावर आहे, शेवटच्या दिवशी ती पायपीट नको.

एका दुकानात ३०० फ्रँकच्या वर खरेदी झाली असेल तर कर परत मिळतो. त्यासाठी दुकानातूनच फॉर्म भरून घ्यावा लागतो आणि विमानतळावर कस्टमचा शिक्का लागतो. शिक्का बॅग चेक-इन करण्याआधी घ्या, कारण वस्तू दाखवायला सांगू शकतात. चाकू घेतला असेल तर तो शिक्क्यानंतर चेक-इनच्या बॅगेतच टाका. हातातल्या बॅगेत सापडला तर सुरक्षा तपासणीत काढून घेतात.