फोनेटिक की इनस्क्रिप्ट? आचाऱ्यांना विचारा

भाचीच्या मुंजीला सदाशिव पेठेतल्या एका कार्यालयात टाकलेला माझा निरोप: ‘आचार्यांना दोनशे पानांचं सांगा.’ ग्रुपवर लगेच प्रश्न, गुरुजी कधीपासून स्वयंपाक करायला लागले? मला लिहायचं होतं ‘आचाऱ्यांना’. फोनेटिकने, म्हणजे इंग्रजी अक्षरांतून मराठी टाइप करायच्या पद्धतीने, नेहमीचा रफार चिकटवला होता.

फोनेटिक पाच मिनिटांत जमतं. इंग्रजी स्पेलिंग मारायचं, मराठी उमटतं. रोज चार ओळी लिहिणाऱ्याने दुसरं काही शिकूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण त्यात यादीतून शब्द निवडत बसावं लागतं आणि ‘ऱ्य’ प्रत्येक साधनात वेगळ्याच युक्तीने येतो.

इनस्क्रिप्ट म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला ठरलेली कळ असलेला कळफलक. त्यात अंदाजाला जागा नाही. शिफ्टसह जे म्हणजे ‘ऱ’, मग डी म्हणजे हलन्त, मग स्लॅश म्हणजे ‘य’. झाला ‘ऱ्य’. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. के दाबला की ‘क’, शिफ्ट धरून ‘ख’. १९९१ च्या भारतीय मानकात हीच मांडणी आहे, म्हणून बंगाली किंवा तेलुगूतही ‘क’ त्याच कळीवर सापडतो. विंडोज आणि लिनक्समध्ये ती आधीपासूनच असते. सेटिंग्जमधून मराठी कीबोर्ड जोडायचा, नेटची गरज नाही. विंडोजमध्ये भाषा बदलायला विंडोज कळ आणि स्पेसबार.

पहिले पंधरा दिवस मात्र चिडचिड होते. मी तर कळफलकाचं चित्र छापून मॉनिटरखाली चिकटवलं होतं. आता लांबलचक मजकूर इनस्क्रिप्टमध्येच लिहितो. मोबाइलवर अजून फोनेटिकच.