सुरुवातीचे सपाट क्लाइंबिंग शूज: वॉलवरच्या आठ महिन्यांनंतर

आधी वापर किती झाला ते. आठवड्यातून दोनदा, दर वेळी दीड-दोन तास, पूर्ण पावसाळा धरून आठ महिने. त्यातला बराचसा वेळ बोल्डरिंग, म्हणजे दोराशिवाय चार-साडेचार मीटर उंचीच्या भिंतीवर, खाली जाड गादी. उरलेला टॉप रोपवर, म्हणजे वरून अडकवलेल्या दोराला बांधून. शूज सपाट तळाचे, दोन वेल्क्रो पट्ट्यांचे, वर अस्तर नसलेलं स्वेड चामडं, तळाला 5 मिमी रबर. पहिला जोड असाच घ्यावा, यात आता शंका उरलेली नाही.

2016 साली नवी मुंबईत बोल्डरिंगचा वर्ल्ड कप झाला, टोकियोत क्लाइंबिंग ऑलिंपिकमध्ये आलं, आणि स्पर्धकांच्या पायातले पुढे बाक दिलेले शूज सगळ्यांनी पाहिले. तसले शूज पहिल्या जोडाला घेऊ नका. तो बाक ओव्हरहँगवर, म्हणजे अंगावर येणाऱ्या भिंतीवर, पायाच्या बोटांनी होल्ड, म्हणजे भिंतीवरची पकड, ओढून धरण्यासाठी असतो. नवशिक्याचे पहिले सहा महिने उभ्या किंवा किंचित मागे कललेल्या भिंतीवर जातात. तिथे पायावर उभं राहायला शिकायचं असतं, आणि दुखणाऱ्या पायावर कोणी नीट उभं राहत नाही.

मापाच्या बाबतीत सर्वांत जास्त पैसे वाया जातात. दुकानात संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. मोजे न घालता घाला. बोटं पुढे टेकली पाहिजेत, सांध्यात किंचित वाकली पाहिजेत, पण ठणकता कामा नयेत. टाचेत हवेची पोकळी नको; टाच पोकळ असेल तर तो साचाच तुमच्या पायाचा नाही, माप बदलून उपयोग नाही. अस्तर नसलेलं चामडं अर्ध्या ते एका मापाने सैलावतं, सिंथेटिक जवळजवळ नाही. या जोडाचं माप रोजच्या बुटांचंच घेतलं होतं. दीड महिन्यात तो अर्ध्या मापाने सैल झाला, आणि आता छोट्या काठावर अंगठा आत किंचित सरकतो. म्हणजे या पायाला अर्धं माप कमी हवं होतं. सिंथेटिक असता तर रोजचंच माप बरोबर बसलं असतं. दोन चढायांच्या मध्ये पट्ट्या उघडून टाच बाहेर काढायची सवय लावा, आणि शूज घालून बाथरूमला तर अजिबात जाऊ नका. ओला, धुळकट तळ होल्डवर साबणासारखा घसरतो.

आता तळवा. हा जोड उलटा करून उजेडात धरला की आठ महिन्यांचं पाऊलकाम त्यावर दिसतं. अंगठ्याखालची आतली कड गोल झाली आहे; ते बरोबर आहे, वजन तिथेच यायला हवं. पण उजव्या शूजच्या टोकाला, अगदी समोर, रबर खरवडून करडं पडलंय. याचा अर्थ पाय होल्डवर ठेवला जात नाही, भिंतीवर आपटून खाली होल्डवर घसरवला जातो. भिंतीच्या रंगात वाळू असते, ती सँडपेपरचं काम करते. अशाने आधी तळ नाही, टोकावरची पातळ पट्टी, जिला रँड म्हणतात, ती फाटते. तळवा बदलता येतो; रँडला भोक पडलं की दुरुस्ती महागात जाते आणि शूज पूर्वीसारखा बसेलच असं नाही. तिसरी खूण तळाच्या मध्यावर असते. तिथे झीज असेल तर तुम्ही शिडीवर उभं राहिल्यासारखे पायाच्या कमानीवर उभे राहता. मग टाच फिरत नाही, कंबर भिंतीजवळ येत नाही आणि सगळा भार हातांवर पडतो.

यावर एकच सराव पुरतो. सर्वांत सोप्या रूटवर, म्हणजे होल्डच्या आखलेल्या वाटेवर, पाऊल आवाज न करता ठेवायचं. होल्डकडे बघत राहायचं, अंगठा टेकेपर्यंत नजर हलवायची नाही, आणि एकदा ठेवलेला पाय पुन्हा उचलून नीट करायचा नाही. दर वेळी सुरुवातीची 15 मिनिटं हेच. महिन्याभरात टोकाची झीज थांबल्याचं डोळ्यांना दिसतं.

पावसाळ्यात या शूजचा कमकुवतपणा कळला. पिशवीत बंद राहिले की दोन दिवसांत स्वेडवर पांढरी बुरशी धरते. वॉलवरून आल्यावर वर्तमानपत्राचे बोळे आत घालून पंख्याखाली ठेवा. उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवले तर उष्णतेने गोंद सुटतो आणि तळवा कडेने उकलतो. वासासाठी पातळ कापडाच्या पुरचुंडीत खाण्याचा सोडा पुरतो.

चॉकबद्दल थोडं. चॉक म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट, ते घाम शोषतं. मुंबई-कोकणच्या दमट हवेत आधी अल्कोहोलमधलं लिक्विड चॉक चोळून पूर्ण वाळू द्यायचं, मग वरून कोरडं अगदी थोडं. थर चढवला की पकड वाढत नाही, कमी होते. भरपूर वापरलेल्या होल्डला नायलॉनच्या ब्रशने घासा, तारेच्या कधीच नाही.

टॉप रोपसाठी हार्नेसचा, म्हणजे दोर बांधायच्या साजाचा, पट्टा कमरेच्या हाडांच्या वर, घट्ट. दोर दोन्ही लूपमधून घेऊन आठाची गाठ, शेपटी निदान मुठीएवढी. बिलेयरचं, म्हणजे खालून दोर सांभाळणाऱ्याचं, कॅरॅबिनर (दोराची धातूची कडी) लॉक आहे का ते चढणाऱ्याने दाबून पाहायचं आणि गाठ बिलेयरने पाहायची. रोज, प्रत्येक चढाईआधी. बोल्डरिंगवर पडताना हात मागे टेकवू नका, मनगट किंवा कोपर जातं. दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, आणि लगेच पाठीवर मागे लोळायचं, हात छातीशी. उतरता येत असेल तर उडी मारूच नका.

बोटांचं सगळ्यांत गंभीर आहे. दोन-तीन महिन्यांत दंड आणि पाठ भरते, पण बोटांचे स्नायुबंध त्या वेगाने तयार होत नाहीत. ताकद आली असं वाटतं त्याच काळात बारीक होल्डवर बोटं दुमडून लटकलं की अनामिकेच्या किंवा मधल्या बोटाच्या बुडाशी दुखायला लागतं, कधी 'टक' असा आवाजही येतो. आवाज आला तर त्याच क्षणी थांबा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. पहिलं वर्ष हँगबोर्ड, म्हणजे बोटांनी लटकायची सरावाची फळी, नको; बोटं शक्य तितकी उघडी ठेवून पकडा, आणि दोन सत्रांमध्ये किमान एक पूर्ण दिवस जाऊ द्या.

सध्या अंगठ्याखाली रबर 2 मिमीच्या आसपास उरलंय. दीडवर आलं की तळवा बदलायला टाकणार, कारण त्याच्या पुढे रँड घासायला लागते. दुसरा जोड घ्यायची वेळ आली तर तोही सपाटच, पण सिंथेटिक.