पाकिटात जराडेल, वेलावर डांगर

बियाण्यांच्या खरेदीत माझी 1277 रुपयांची फसवणूक झाली. रक्कम मोठी नाही आणि ती परत मिळावी म्हणून मी हे लिहीत नाही. ज्या पद्धतीने फसवणूक झाली, आणि ती लक्षात आल्यावर विक्रेत्याने जे कारण मला पटवून दिले, ते इतर हौशी बागकाम करणाऱ्यांना ठाऊक असावे, एवढाच हेतू आहे.

निवृत्तीनंतर सहकारनगरमधल्या आमच्या घरामागच्या जेमतेम दोन गुंठे जागेत मी भाजीपाला लावतो. दुधी, दोडका, कारली दरवर्षी होतातच. गेल्या डिसेंबरात मोबाइलवर एका विक्रेत्याची जाहिरात दिसली. परदेशांतले जुने, पिढ्यान्‌पिढ्या बी राखून टिकवलेले भोपळ्याचे वाण त्याच्याकडे होते. फ्रान्समधल्या बोर्दो शहराजवळच्या एझीन गावाच्या नावाने ओळखला जाणारा, सालीवर भुईमुगाच्या शेंगा चिकटवल्यासारखे उंचवटे असणारा गुलाबी भोपळा. व्हेनिसजवळच्या किओज्जाचा, गडद हिरव्या खडबडीत सालीचा ‘मरीना’. आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जराडेल गावाचे नाव मिरवणारा निळसर राखाडी भोपळा. हे तिन्ही वाण खरोखर अस्तित्वात आहेत, आणि फसवणुकीचा पाया तोच होता. जाहिरातीत निळ्याजांभळ्या पट्ट्यांचा कुठलातरी अद्भुत भोपळा असता तर मी हसून पुढे गेलो असतो. येथे नावे खरी, छायाचित्रे खरी, वर्णनही खरे होते. खोटे होते ते फक्त पाकिटातले बी.

प्रत्येक पाकिटात आठ बिया, किंमत 399 रुपये, अशी तीन पाकिटे आणि 80 रुपये टपालखर्च, असे पैसे मी यूपीआयने आगाऊ पाठवले. पाकिटे आली तेव्हा त्यांवर सुंदर रंगीत चित्र होते. मात्र लॉट क्रमांक, उगवणक्षमतेची टक्केवारी, चाचणीची तारीख, वापरण्याची मुदत, विक्रेत्याचा परवाना क्रमांक आणि पत्ता यांपैकी काहीही नव्हते. बियाणे (नियंत्रण) आदेश, 1983 नुसार बियाणे विकणाऱ्याला परवाना लागतो. शिवाय परदेशातून बी आणायचे तर आयात परवाना आणि त्या देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र आवश्यक असते. ‘थेट फ्रान्सहून’ असे अभिमानाने छापणाऱ्याला मी यांपैकी एकही गोष्ट विचारली नाही. मंडईत पावशेर मिरच्या घेताना मी जास्त चौकशी करतो.

जानेवारीच्या शेवटी प्रत्येक पाकिटातल्या पाच बिया लावल्या आणि उरलेल्या तीन-तीन पाकिटातच ठेवल्या. पंधरापैकी तेरा उगवल्या. त्यांतली प्रत्येक वाणाची दोन-दोन रोपे ठेवून, शेणखत आणि निंबोळी पेंड घातलेल्या आळ्यांमध्ये मी सहा वेल वाढवले. लाल भुंगेरे रोज सकाळी हाताने वेचले, फळमाशीसाठी सापळा टांगला. मार्चच्या मध्यास मादी फुले दिसू लागली. पुढच्या वर्षासाठी शुद्ध बी राखायचे म्हणून दुसऱ्या दिवशी उमलणार असलेल्या मादी कळ्या मी संध्याकाळी कागदी पिशवीने झाकत असे, आणि पहाटे त्याच वाणाच्या, आदल्या संध्याकाळी बांधून ठेवलेल्या नर फुलाचे पराग त्यांना लावत असे. अशा चार फळांच्या देठांना मी खुणेसाठी लाल दोरा बांधला होता.

एप्रिल संपेपर्यंत सहा वेलांवर मिळून नऊ फळे धरली. ती हिरवी होती, पुढे पिवळट तपकिरी होऊ लागली, त्यांवर उभे पन्हळ पडले. शेंगांसारखे उंचवटे नाहीत, निळसर झाक नाही. रोज येणाऱ्या भाजीवाल्या मावशींनी फाटकातूनच पाहून विचारले, “काका, डांगर लई लावलंत, विकायचंय का?” तरीही मी आठवडाभर फळे ‘अजून तयार व्हायची’ वाट पाहिली.

मग विक्रेत्याला छायाचित्रे पाठवली. त्याचे उत्तर अत्यंत नम्र होते. “काका, तुमच्या आसपास कोणाकडे साधा भोपळा आहे का? त्याचे पराग मधमाश्यांनी आणले असतील, म्हणून फळ साधे झाले. बी शंभर टक्के खरे आहे.” आसपास साधा भोपळा होताच. शेजारच्या वहिनींनी माहेरून, जुन्नरहून आणलेल्या बियांचा वेल आमच्या सामाईक भिंतीवर पसरला होता. मला ते कारण इतके तर्कशुद्ध वाटले की त्याच संध्याकाळी मी त्यांच्याकडे जाऊन, आवाजात शक्य तेवढे सौजन्य ठेवून, तुमच्या वेलामुळे माझे दुर्मिळ वाण बिघडले, असे सांगितले. वहिनी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंत मोकळी होती. वेल बुंध्यापासून कापलेला होता आणि त्याची दोन कोवळी फळे कचऱ्याच्या बादलीत पडलेली होती.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात माझे एक परिचित घरी आले. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले आहे. मी त्यांना सारी हकीकत सांगितली तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग फळांकडे पाहिले. “हापूसच्या मोहरावर रायवळचे पराग पडले तर झाडाला रायवळ आंबे लागतात का?” त्यांनी विचारले. नाही, हापूसच लागतो. फळाची साल आणि गर आईच्या झाडाचे असतात. परागांचा वाटा आतल्या बीजात जातो. त्या कोयीपासून उगवलेले झाड वेगळे निघेल, पण यंदाचे फळ बदलणार नाही. भोपळ्याचेही तसेच आहे. शेजारच्या वेलामुळे माझे पुढच्या वर्षीचे बी बिघडू शकले असते, यंदाची फळे नव्हे. आणि लाल दोऱ्याची चार फळे तर मी स्वतः झाकून फळवली होती. तीही इतर पाचांसारखीच होती. हा पुरावा महिनाभर माझ्या डोळ्यांसमोर लोंबत होता.

त्यानंतर त्यांनी देठ दाखवला. मी मागवलेले तिन्ही वाण कुकुर्बिटा मॅक्सिमा या जातीचे आहेत. त्या जातीचा देठ गोलसर, जाड आणि बुचासारखा मऊ असतो. माझ्या फळांचा देठ कडक, पाच कंगोऱ्यांचा आणि फळाला टेकतो तेथे पावलासारखा पसरलेला होता. ही खूण कुकुर्बिटा मोस्काटाची, म्हणजे आपल्या बाजारातल्या नेहमीच्या लाल भोपळ्याची. पानांवर शिरांच्या बेचक्यांत जे पांढुरके ठिपके मी भुरी समजून आठवडाभर ताक फवारत होतो, तेही या जातीत नेहमी आढळतात. शेवटी उरलेल्या नऊ बिया आम्ही पांढऱ्या कागदावर ओतल्या. मॅक्सिमाचे बी बहुधा मोठे आणि फुगीर असते. तिन्ही पाकिटांतल्या आमच्या बिया मात्र चपट्या, मळकट पिवळ्या आणि काठाशी गडद, खरबरीत होत्या. पाकिटे उचलून घेतल्यावर कोणती बी कोणत्या पाकिटातली, हे आम्हां दोघांनाही सांगता येईना. पेरण्यापूर्वी दहा मिनिटे दिली असती तर जानेवारीतच हे कळले असते. अर्थात ही तपासणी फक्त जात ओळखते. मागवलेला वाण मोस्काटातलाच असता, तर बी पाहून काही उलगडले नसते.

विक्रेत्याला हे सगळे लिहून पाठवल्यावर त्याने मला ब्लॉक केले. त्याने जाहिरातीत दिलेली परतीची मुदत दहा दिवसांची होती आणि भोपळ्याला फळ दिसायला तीन महिने लागतात, हे गणित त्याने नक्कीच आधी केले असणार. मी 1930 या क्रमांकावर फोन केला आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली. पोचक्रमांक मिळाला आहे. पैसे गेल्यानंतर काही तासांत फोन केल्यास रक्कम रोखली जाण्याची शक्यता असते. मी साडेचार महिन्यांनी केला. ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांकही उपलब्ध आहे, पण तेथेही विक्रेत्याचा पत्ता विचारतात, आणि तो माझ्याकडे नव्हता.

घरात पुढचे तीन दिवस भोपळ्याचा एकच वाक्प्रचार ऐकू येत होता. तो कोणता, हे मराठी वाचकाला सांगायला नको. नऊ डांगरांपैकी दोनांचे घारगे झाले, चार भाजीवाल्या मावशींनी नेली. उरलेल्या तिघांतले सर्वांत मोठे घेऊन मी शेजारी गेलो आणि हापूस-रायवळाचा दाखला जसाच्या तसा सांगितला. वहिनींनी डांगर ठेवून घेतले. जुन्नरचे बी पुन्हा मिळेल का, असे विचारल्यावर म्हणाल्या, आईने राखलेले शेवटचे तेवढेच होते.