आठ महिने रिपॉझिटरीत: निबंध आणायला गेले, बाकीचंच जास्त घेऊन आले

माझ्याकडे कुठल्याच विद्यापीठाचं लॉगिन नाही. विज्ञानावर लेख लिहिते, त्यामुळे शोधनिबंधांशी रोजची गाठ. पण बहुतेक वेळा सारांश वाचायचा आणि पुढे पैसे भरायची पाटी दिसली की माघारी फिरायचं, असंच चालायचं. आठ महिन्यांपूर्वी ‘टिपणं हातानं काढली तर जास्त लक्षात राहतं का’ हा विषय घेतला आणि ठरवलं, या खेपेला सगळं काम खुल्या संशोधन भांडारांवरच, म्हणजे रिपॉझिटऱ्यांवरच करायचं. आर्काइव्ह (arXiv), झेनोडो, ओएसएफ (ओपन सायन्स फ्रेमवर्क), पबमेड सेंट्रल, शिवाय विद्यापीठांच्या स्वतःच्या रिपॉझिटऱ्या.

रिपॉझिटरी म्हणजे फुकट पीडीएफचं कपाट, असं मी धरून चालले होते. निबंध मिळतात, नाही असं नाही. पण आज माझं फोल्डर उघडलं तर छापून आलेले निबंध निम्म्याहून कमी निघतात. बाकी प्रबंध, आकड्यांच्या फायली, प्रश्नावल्या, परिषदेतली पोस्टरं, स्लाइड्स, प्रयोगाआधी नोंदवलेले आराखडे, हिशेबासाठी लिहिलेला कोड. लेख उभा राहिला तो या बाकीच्या मालावर.

पहिला नंबर प्रबंधांचा. पीएचडीचा प्रबंध परीक्षकांखेरीज कोणी उघडत नाही, अशी चेष्टा आपण ऐकलेली असते. पण माझ्यासारख्या बाहेरच्या वाचकाला याहून सोयीचं काही नाही. नियतकालिकात जागा मोजून मिळते, म्हणून निबंधात ‘सहभागींना सूचना देण्यात आल्या’ एवढ्यावर भागवलेलं असतं. प्रबंधाच्या परिशिष्टात त्या सूचना शब्दन् शब्द असतात, प्रश्नपत्रिका असते, गुण कसे दिले तेही असतं. परीक्षकांना पटवायचं असल्यामुळे विद्यार्थी सहसा काही गृहीत धरत नाही. आधीच्या संशोधनाचा आढावा इतका सविस्तर असतो की माझी निम्मी शोधाशोध तिथेच वाचली. फसलेला प्राथमिक प्रयोगसुद्धा एखाद्या प्रकरणात सरळ कबूल केलेला सापडतो. स्टीफन हॉकिंग यांचा १९६६चा प्रबंध केंब्रिज विद्यापीठानं ऑक्टोबर २०१७ मध्ये आपल्या रिपॉझिटरीत सगळ्यांना खुला केला, तेव्हा गर्दीनं ती साइट कोलमडली होती. (शेवटच्या पानापर्यंत किती जण पोचले, ते विचारू नये.)

दुसरी चीज मला या वापराआधी माहीतच नव्हती: पूर्वनोंदणी. प्रयोग सुरू करण्याआधी संशोधक आपलं गृहीतक, किती माणसं घेणार, कोणती चाचणी लावणार हे लिहून ओएसएफवर ठेवतात. त्या नोंदीवर तारखेचा शिक्का बसतो आणि मग मागाहून गुपचूप फेरफार करता येत नाही. छापलेला निबंध एका खिडकीत आणि पूर्वनोंदणी दुसऱ्या खिडकीत उघडून बसले की कधी कधी गुप्तहेर झाल्यासारखं वाटतं. ठरवलेल्या चार मोजमापांपैकी लेखात दोनच का आली, असा प्रश्न पडला की वाचनाची तऱ्हाच बदलते.

माझ्या विषयात तर हे फारच उपयोगी पडलं. हातानं लिहिणाऱ्यांना संकल्पना जास्त समजतात, असं सांगणारा २०१४चा प्रयोग खूप गाजला. अजूनही वर्तमानपत्रांत त्याचा दाखला येतो. २०२१ मध्ये दुसऱ्या गटानं तो पुन्हा करून पाहिला. लॅपटॉपवाले ऐकलेलं जसंच्या तसं जास्त उतरवतात, हे तेव्हाही दिसलं. पण त्यामुळे चाचणीत हातानं लिहिणारे पुढे जातात, हे दिसलं नाही. पहिला निकाल सगळ्यांना ठाऊक आणि दुसरा जवळपास कोणालाच नाही. नुसत्या सारांशांवर राहिले असते तर मीही जुनंच लिहून मोकळी झाले असते.

आता आकड्यांच्या फायली, म्हणजे डेटासेट. इथे मी सपशेल आपटले. एका फाइलमधल्या गुणांची सरासरी काढली, तर ती पैकीच्या पैकी गुणांच्याही वर गेली! तासभर सूत्र तपासत बसले. मग कळलं, की उत्तर नसलेल्या जागी ९९ भरायची पद्धत होती आणि मी ते ९९ गुण धरले होते. सोबतच्या ‘रीडमी’ फाइलमध्ये हे पहिल्याच ओळीत लिहिलेलं होतं, मी ती उघडलीच नव्हती. तेव्हापासून रीडमी आधी, फाइल नंतर. आणि ज्या डेटासेटला रीडमी नाही त्याच्या वाटेला जायचं नाही. रकान्यांची नावं उलगडण्यात दिवस जातो आणि हाती अंदाजच लागतात.

आर्काइव्हबद्दल थोडं, जरी माझ्या विषयाचं तिथे फारसं काही नव्हतं. इंग्रजीत नावाच्या मधोमध एक्स आहे, तो ग्रीक ‘काय’ (χ) हे अक्षर म्हणून वाचायचा. देवनागरीत लिहिलं की ही गंमत उडून जाते. पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१ मध्ये लॉस अ‍ॅलामॉसच्या प्रयोगशाळेत भौतिकशास्त्रज्ञांसाठी हे सुरू केलं, २००१ मध्ये ते कॉर्नेल विद्यापीठात गेलं. तिथे येणाऱ्या लेखनावर प्राथमिक नजर टाकली जाते, पण तज्ज्ञांकडून समीक्षा होत नाही. म्हणून ते कमअस्सल असं मात्र नाही. गणितज्ञ ग्रिगोरी पेरेलमान यांनी गणितातल्या प्वाँकारे अनुमानाची सिद्धता २००२ आणि २००३ मध्ये तीन प्रीप्रिंटांतून (समीक्षेआधीच्या प्रतींतून) तिथेच ठेवली आणि कुठल्याही नियतकालिकाकडे पाठवली नाही. अर्थात प्रत्येक प्रीप्रिंटमागे पेरेलमान नसतो.

एकाच निबंधाची तीन-तीन रूपं फिरत असतात, याचा सुरुवातीला फार त्रास झाला. प्रीप्रिंट म्हणजे समीक्षेआधीचं. स्वीकृत प्रत म्हणजे समीक्षेनंतरची पण मांडणी व्हायच्या आधीची, बहुधा साध्या वर्डच्या फाइलसारखी दिसणारी. मग छापील. विद्यापीठांच्या भांडारात बरेचदा मधली प्रत असते, कारण प्रकाशक तेवढीच ठेवू देतात. मजकूर जवळपास तोच, पान क्रमांक मात्र वेगळे. मी एका ठिकाणी स्वीकृत प्रतीतला पान क्रमांक छापील निबंधाचा म्हणून दिला आणि संपादकांकडून खरडपट्टी ऐकली.

शोध घेणं ही या सगळ्यातली सर्वांत कच्ची बाजू. विद्यापीठांची बरीच भांडारं डीस्पेस किंवा ईप्रिंट्स या सॉफ्टवेअरवर चालतात. त्यांतल्या नोंदी गोळा करण्यासाठी २००१ पासून एक सामाईक पद्धत आहे आणि तिच्या जोरावर ‘कोअर’सारखी ठिकाणं जगभरच्या नोंदी एकत्र दाखवतात. यंत्रणा चोख आहे, गडबड करतो तो माणूस. साहित्याचा प्रकार भरायच्या रकान्यात ‘इतर’ निवडून पुढे जाणारे पुष्कळ. एका भांडारात ‘लेख’ म्हणून उघडलं ते परिषदेतलं एकपानी पोस्टर निघालं: भला मोठा आलेख, खाली तीन ओळी, किती जणांवर प्रयोग केला त्याचा पत्ता नाही. पोस्टरं मी आता फक्त पुढे कोणाचं नाव शोधायचं एवढ्यासाठी बघते.

झेनोडोचं वेगळंच. सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्र संशोधन संस्थेनं २०१३ मध्ये सुरू केलेलं हे भांडार कुठल्याही विषयाचं, कुठल्याही प्रकारचं घेतं. एका नोंदीत ५० जीबीपर्यंत. प्रत्येक आवृत्तीला वेगळा डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) आणि सगळ्या आवृत्त्यांना मिळून एक, ही सोय मला फार आवडली. पण दार सताड उघडं असल्यामुळे उत्तम कोडच्या शेजारी कोणाचीही हौसेची सिद्धांतपत्रिका बसलेली असते. डीओआय आहे म्हणजे कोणीतरी तपासलं असेल, हा माझा भ्रम महिनाभर टिकला.

पबमेड आणि पबमेड सेंट्रल एकच नव्हेत, एवढंच सांगते: पहिल्यात वैद्यकीय संशोधनाच्या नोंदी आणि सारांश, दुसऱ्यात पूर्ण मजकूर.

आणि एम्बार्गो, म्हणजे ठरावीक तारखेपर्यंत फाइल बंद ठेवणं. नोंद दिसते, सारांश दिसतो, फाइलवर कुलूप आणि शेजारी उघडण्याची तारीख. काही ठिकाणी ‘प्रत मागवा’ असं बटण असतं, त्यातून थेट लेखकाला मेल जातो. मी पाच जणांना विनंती केली, तिघांनी पाठवलं. एकीनं प्रबंधाबरोबर न मागता प्रश्नावलीही जोडली आणि वर लिहिलं, ‘बऱ्याच वर्षांनी कोणीतरी विचारलं.’

लेख केव्हाच छापून आला. वापर मात्र थांबलेला नाही. ज्या दोघांचं उत्तर आलं नाही, त्यांतल्या एका प्रबंधाचा एम्बार्गो पुढच्या महिन्यात उठतोय. कॅलेंडरवर खूण करून ठेवली आहे.