भूकंपसुरक्षेचं काम आणि खान्देश: पुरस्काराच्या मागे लागावं की फेलोशिपच्या?

आपल्याकडे भूकंप म्हटला की लोक किल्लारी नाहीतर कोयनेचं नाव घेतात. पण खान्देशातला तापीचा पट्टा 2002 च्या भूकंप-नकाशात झोन 3 मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे, आणि 14 मार्च 1938 रोजी सातपुड्यात साधारण 6.3 तीव्रतेचा धक्का बसून गेलाय. गावोगाव धाब्याची जुनी घरं आहेत, वर मातीचा जाड थर. 1993 ला किल्लारीत जड छतं आणि सुट्या दगडांच्या भिंतींनीच माणसं गाडली. म्हणजे इथे काम भरपूर आहे. ते करणाऱ्याने अर्ज कुठे करावा, एवढाच प्रश्न.

पुरस्कार झालेल्या कामाला मिळतो, फेलोशिप पुढे करायच्या कामासाठी. हे माहीत असूनही लोक घोळ करतात. बी.ई. होऊन वर्ष झालेलं पोरगं राष्ट्रीय पुरस्काराची जाहिरात वाचत बसतं, आणि ज्या संस्थेने शंभर गवंडी शिकवले ती अर्जच करत नाही.

संस्थेसाठी मला सुभाषचंद्र बोस आपदा प्रबंधन पुरस्कार सगळ्यात कामाचा वाटतो. केंद्र सरकारचा आहे, दरवर्षी 23 जानेवारीला, नेताजींच्या जयंतीला जाहीर होतो. संस्थेला 51 लाख, व्यक्तीला 5 लाख. संस्थेची रक्कम आपत्ती व्यवस्थापनाच्याच कामावर खर्च करावी लागते. कार्यालयाची इमारत बांधू म्हणाल तर जमणार नाही. 2021 ला तो सीड्स या संस्थेला मिळाला. 2001, 2005 आणि 2015 च्या भूकंपांनंतर गवंड्यांना हाताशी धरून सुरक्षित बांधणीचा प्रसार करणं, हे त्यांच्या कामात मोजलं गेलं. खान्देशातल्या संस्थेने हे उदाहरण समोर ठेवावं, कारण गवंडी-प्रशिक्षण आपल्याला परवडणारं काम आहे. एकट्या माणसाने मात्र फार आशा धरू नये. 2023 ते 2025 या तिन्ही वर्षी नावं संस्थांचीच आली. 2024 चा मान तुर्कस्तानच्या भूकंपात इस्पितळ चालवणाऱ्या लष्कराच्या 60 पॅराशूट फील्ड हॉस्पिटलला गेला. स्पर्धा कोणाशी आहे ते यावरून कळतं.

आपत्तीचा धोका कमी करण्याच्या कामासाठीचा संयुक्त राष्ट्रांचा सासाकावा पुरस्कार याच्याही वरचा. 2019 ला पी. के. मिश्रांना मिळाला, ज्यांनी भूजनंतरच्या पुनर्बांधणीची धुरा वाहिली होती. जिल्ह्यापुरतं काम घेऊन तिथे जाणं म्हणजे वेळ घालवणं.

आता शिकायचं असेल तर. पीएच.डी.साठीच्या पंतप्रधान रिसर्च फेलोशिपमध्ये पहिली दोन वर्षं महिना 70,000 असा दर ठरला होता. नेहमीच्या जेआरएफचे (ज्युनिअर रिसर्च फेलोशिपचे) 2023 पासून 37,000. फरक मोठा आहे, पण निवडही तितकीच कडक, आणि आठवड्याला जवळच्या आयटीआय किंवा पॉलिटेक्निकमध्ये शिकवावंही लागतं. मला तर ही अट आवडते. जागा रुरकीला शोधावी, तिथे 1960 पासून भूकंप अभियांत्रिकीचं स्वतंत्र काम चालतं, किंवा कानपूरला. नुसत्या पैशासाठी पीएच.डी.ला जाऊ नका. पाच वर्षं काढायची आहेत.

सरकारी नोकरीत असाल, म्हणजे सार्वजनिक बांधकाम किंवा जिल्हा परिषदेत, तर जपानचा पर्याय बघा. त्सुकुबा शहरातली भूकंप अभियांत्रिकीची आंतरराष्ट्रीय संस्था (आयआयएसईई) 1962 ची. भूकंपशास्त्र आणि भूकंप अभियांत्रिकीचा साधारण वर्षभराचा अभ्यासक्रम, खर्च जायकाचा, म्हणजे जपान सरकारच्या मदतसंस्थेचा, आणि शेवटी पदव्युत्तर पदवी. वर्षभरात परत येऊन त्याच खुर्चीत बसायचं, हाच त्याचा फायदा. अडचण एकच: अर्ज सरकारमार्फत जातो, साहेबांची सही लागते. आपल्या खात्यातल्या फाईलचा वेग ज्याला माहीत आहे त्याने वर्षभर आधी विचारणा करावी.

अमेरिकेतल्या ईईआरआय या भूकंप अभियांत्रिकीच्या संघटनेची हाउसनर पदकं वगैरे मी मोजत नाही. ती हयातभर या क्षेत्रात घालवलेल्यांची. तिथे शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याने तिची सभासदत्वं नि प्रवासवृत्त्या जरूर पाहाव्यात, धुळ्यात बसून नाही.

मला कोणी विचारलं तर: पंचविशीच्या आत असाल तर फेलोशिप, नोकरीत असाल तर त्सुकुबा, आणि संस्था चालवत असाल तर बोस पुरस्कार. तिसऱ्या गटाने आजपासून एक करावं. ज्या शाळेची किंवा घराची भिंत बांधून काढली, तिचे आधीचे-नंतरचे फोटो, गवंड्याचं नाव आणि तारीख एका वहीत ठेवावी. अर्जात पुरावा मागतात तेव्हा नेमकं तेच सापडत नाही.