शिकागोचा फुकट शब्दकोश आणि 'दखल'चं मूळ

शब्दांची मुळं शोधायची आवड असेल तर शिकागो युनिव्हर्सिटीची 'डिजिटल डिक्शनरीज ऑफ साऊथ एशिया' ही साईट वापराच, एक पैसा लागत नाही आणि मोल्सवर्थचा 1857 चा मराठी-इंग्रजी कोश, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश असं सगळं एकाच ठिकाणी मिळतं.

उदाहरण म्हणून 'दखल' घ्या. आपण रोज म्हणतो, कुणी दखलच घेत नाही, बातमीची दखल घेतली वगैरे, म्हणजे लक्ष देणं. पण शब्द मूळचा अरबी, फारसीतून आपल्याकडे आला, आणि अरबीत त्याचा अर्थ आत शिरणं! हिंदीत तो अर्थ अजून जिवंत आहे, 'दखल देना' म्हणजे मध्ये पडणं, आणि 'बेदखल' म्हणजे ताब्यातून बाहेर काढलेला. हॉस्पिटलात 'दाखल' होणं आणि शाळा सोडल्याचा 'दाखला' हेही याच घरातले. मला सगळ्यात आवडतं ते कायद्यातलं: दखलपात्र गुन्ह्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात, अदखलपात्र असेल तर नुसती एनसी, म्हणजे तक्रारीची साधी नोंद, घेतात आणि मॅजिस्ट्रेटने सांगितल्याशिवाय तपास करता येत नाही. म्हणजे नुसतं बघायचं की आत शिरायचं हा फरक तिथे अजून टिकल्यासारखा वाटतो, आपल्या रोजच्या बोलण्यात मात्र फक्त बघणं उरलं. खरंच भारी वाटतं हे.

आता साईटबद्दल. मोल्सवर्थ शब्दापुढे एका इंग्रजी अक्षराने मूळ भाषा सांगतो, अरबी, फारसी, संस्कृत, पण अर्थ कसा बदलत गेला ते त्यावरून कळत नाही, आणि त्याचं इंग्रजीही जुन्या वळणाचं, नव्या वाचकाला जड जाईल. म्हणून माझं मत, आधी दाते बघा, अर्थ मराठीत आहेत आणि जुन्या ग्रंथांतली, पत्रांतली वाक्यं दिलेली असतात, शब्द प्रत्यक्ष कसा वापरला जायचा ते त्यातूनच समजतं. साईटची मांडणी सगळी इंग्रजीत आणि दिसायला अगदी साधी आहे. मराठीत मेनू हवा होता, शाळेतल्या मुलांना त्यामुळे अडतं. साडेचार स्टार. आणि एकच कोश बघून थांबू नका, 'दखल' बघितलात की लगेच 'दाखल' आणि 'दाखला' पण टाकून बघा.