सेवाग्रामची बापूकुटी: जुन्या वस्तू पाहणाऱ्यांसाठी

वर्धा शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवरच्या सेवाग्राम आश्रमात बहुतेक लोक श्रद्धेने जातात. ऐतिहासिक ठेवा म्हणूनही तो पाहावा, या हेतूने हे परीक्षण लिहीत आहे. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी येथे आले तेव्हा या गावाचे नाव शेगाव होते. बुलढाणा जिल्ह्यातील गजानन महाराजांच्या शेगावशी टपालाचा घोळ होऊ लागल्याने १९४० मध्ये ते सेवाग्राम झाले.

पाहण्याची सुरुवात आदिनिवासापासून करावी. प्रारंभी सर्वजण या एकाच घरात राहत, हे ध्यानात घेतल्यावरच पुढच्या कुट्यांचा अर्थ लागतो. गांधीजी नंतर जेथे राहिले ती बापूकुटी मुळात त्यांच्या इंग्लिश शिष्या मीराबेन यांनी स्वतःसाठी उभारली होती आणि तिच्या मातीच्या भिंतींवरील ताडाची झाडे व चरखा यांचे उठावकामही त्यांचेच आहे. बैठक, चरखा, मालिशचे टेबल अशा वस्तू ज्या घरात वापरल्या गेल्या त्याच घरात ठेवलेल्या असल्यामुळे माणूस कोठे बसत असे आणि उजेड कोठून येत असे, हे कोणी न सांगताही कळते. मला सर्वांत मोलाचा वाटला तो साप धरण्याचा लाकडी चिमटा आणि त्याजवळचा पिंजरा. साप न मारता पकडून दूर सोडावा, हा येथील नियम होता आणि शेतशिवारात वाढलेल्या आपल्या माणसाला त्यासाठी किती धीर लागत असेल, हे वेगळे सांगावे लागत नाही. व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या काळात थेट संपर्कासाठी बसवलेला दूरध्वनीही येथे आहे. साम्राज्याची तार कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, छपराखाली आली होती, याचा तो सज्जड पुरावा होय.

मातीचे घर कपाटात बंद करून टिकत नाही. भिंती लिंपाव्या लागतात, पावसाळ्याआधी कवेलू फेरावे लागतात. ही निगा येथे वर्षानुवर्षे चालत आली आहे आणि माझ्या मते प्रदर्शनातील वस्तूंइतकेच तिचेही महत्त्व आहे.

मूळ पत्रे अभ्यासण्याच्या अपेक्षेने मात्र येथे येऊ नये. गांधीजींच्या पत्रांचे मोठे संग्रह अहमदाबादच्या साबरमती आश्रमात आणि दिल्लीत आहेत. ‘सेवाग्राम, व्हाया वर्धा’ या पत्त्यावरून निघालेली असंख्य पत्रे छापील संकलित वाङ्मयातून आधी वाचून आल्यास हीच कुटी दुप्पट उलगडते. गांधीजींचे सहकारी उद्योजक जमनालाल बजाज यांच्यासाठी बांधलेल्या आखरी निवासात गांधीजींचा येथील शेवटचा मुक्काम होता. ऑगस्ट १९४६ मध्ये ते निघाले आणि पुन्हा परतले नाहीत. परचुरेशास्त्रींची कुटी लहान असल्याने अनेकजण ती टाळून पुढे जातात. कुष्ठरोगी शास्त्रींची शुश्रूषा गांधीजी स्वतः करीत, म्हणून ती चुकवू नये.

उन्हाळ्यात सकाळीच पोहोचावे, २ ऑक्टोबरची गर्दी टाळावी आणि त्याच दिवशी वर्ध्यातील मगन संग्रहालयही पाहावे. १९३८ मध्ये सुरू झालेल्या त्या संग्रहालयात ग्रामोद्योगांचा वारसा पाहायला मिळतो.